सेल्फ लागत नाही

मोटार धावत असते तोपर्यंत तिचा मालक एकटाच असतो. ती बंद पडली की तिच्यावर साऱ्या आळीचा हक्क लागू होतो. धावत्या मोटारीकडे ज्यांनी कधी ढुंकूनही पाहिलेले नसते, किंबहुना तिच्या हॉर्नने आपली वामकुक्षी भंग पावते म्हणून तिच्या मालकाशी ज्यांनी बोलणेचालणे टाकलेले असते, असे सद्गृहस्थसुद्धा तिचे बॉनेट उघडलेले दिसताच सर्व वैमनस्य विसरतात, सदऱ्याच्या बाह्या सरसावीत जवळ येतात, कमरेवर हात ठेवून तिच्या अंतरंगात डोकावतात आणि एका निमिषात निदान उच्चारून मोकळे होतात. 'यातले मला काही कळत नाही' हे वाक्य मराठीत व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी बंद मोटारीच्या दहा हातांच्या आत ते कोणी उच्चारल्याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही.

माझ्याजवळ एक मोटार आहे. वयाने प्रौढ, वृत्तीने सोशिक आणि रंगाने एके काळी निळी असलेल्या या वाहनाचे कुलनाम मी येथे सांगत नाही. घरच्या माणसाची कुरकुर चारचौघांत करावयाची झाल्यास नाव न घेता करावी, हा दंडक सौभाग्यवतीने माझ्या बाबतीत आजवर काटेकोरपणे पाळला आहे आणि मोटारीच्या बाबतीत तो मोडण्याचे मला कारण दिसत नाही. या मोटारीने पूर्वीही मला अनेकदा दगा दिलेला होता; परंतु त्यासाठी ती एखादा आडवार, एखादी निर्जन संध्याकाळ, असा मोजक्या साक्षीदारांचा समय निवडीत असे. मेहुणीच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मात्र तिने हा संकोच सोडला.

मुहूर्त सकाळचा होता. मागच्या आसनावर सौभाग्यवती पैठणी सावरीत, सासूबाई गुडघे सावरीत आणि कन्या आहेराची पितळी समई सावरीत स्थानापन्न झाल्या होत्या. माझ्या शेजारी धाकटा मेहुणा बसला होता, आणि त्याला सावरण्यासारखे काहीच नसल्यामुळे तो मला सूचना देत होता. मी गजाननाचे स्मरण करून किल्ली फिरवली. इंजिनाच्या कुठल्याशा खोल कप्प्यातून 'टक्' असा एकच, तुटक आणि निर्णायक ध्वनी आला व पाठोपाठ शांतता पसरली. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'.

"अहो, काय झालं?" मागून पृच्छा झाली.

"सेल्फ लागत नाही."

"मग लावा की! मुहूर्त टळेल."

या ध्वनींचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. किल्ली फिरवल्यावर 'टकटकटकटक' असा घाईचा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली असते. 'घूंऽऽ' असा मोकळा आवाज आला, तर सेल्फ फिरतो पण त्याचे दाते फ्लायव्हीलला पकडीत नाहीत. एकच 'टक्' आला आणि समोरचे दिवे लख्ख राहिले, तर बहुधा सेल्फच्या पोटातले कारबन झिजलेले किंवा आतले संपर्क जळलेले असतात. आणि काहीच आवाज आला नाही, तर किल्लीपासून सेल्फपर्यंत कुठे तरी तार तुटलेली असते किंवा गृहस्थ दुसऱ्याच्या मोटारीत बसलेला असतो. हे सारे ज्ञान मला पुढे यथावकाश प्राप्त झाले. त्या घटकेला माझ्याजवळ केवळ 'टक्' होता.

बॉनेट उघडले मात्र, आणि आळी जमू लागली. सर्वांत आधी आमचे शेजारी, निवृत्त मामलेदारसाहेब, दंतमंजनाचे बोट तोंडातून काढीत उपस्थित झाले.

"पेट्रोल संपलं असेल," त्यांनी निकाल दिला.

"काटा अर्ध्यावर आहे, साहेब."

"काट्यावर जाऊ नका. मी सगळी हयात सरकारी नोकरीत काढली आहे. कागदावर काय असतं आणि टाकीत काय असतं, ते मला विचारा."

दूधवाल्याने सायकल भिंतीला टेकवून प्लग साफ करण्यास फर्माविले. इस्त्रीवाल्याने, गाडी रात्री थंडीत उभी असते, तिला पांघरूण नाही, याबद्दल माझी कानउघाडणी केली. जो तो येई तो आधी आवाजाची चौकशी करी, आणि किल्ली फिरवून बॅटरी आणखी उतरवू नये म्हणून तो आवाज मला तोंडाने काढून दाखवावा लागे.

"टक्," मी म्हणे.

"टक् की टॅक्?"

"टक्."

"बघा हं, नीट आठवा. टॅक् असेल तर खर्च मोठा आहे."

एवढ्यात मेहुण्याने आपली विद्या बाहेर काढली. "भावोजी, सेल्फवर हातोडीने दोन टोले घातले की तो चालू होतो." हा उपाय, सांगावयास मला खेद वाटतो, शास्त्रशुद्ध आहे. झिजलेले कारबन आर्मेचरला टेकेनासे झाले की बाहेरून बसलेल्या हादऱ्याने ते क्षणभर जागेवर येतात व मोटर एखादे वेळी फिरते. टोले घालण्यास सर्वांची संमती होती. प्रश्न एवढाच उरला की, ते घालावयाचे कशावर?

कारण सेल्फ कुठे असतो हे कोणालाच सांगता येईना. म्हणजे प्रत्येक जण ठिकाण सांगत होता, परंतु दोघांचे ठिकाण एक येत नव्हते. इंजिनाच्या भोवताली वाटोळ्या, लांबट आणि काळपट वस्तूंची मुळीच वाण नसते, आणि त्यांपैकी प्रत्येकीच्या बाजूने एकेक वकील उभा राहिला. दूधवाल्याचे मत अल्टरनेटरला होते. इस्त्रीवाला इग्निशन कॉइलकडे बोट दाखवीत होता. मामलेदारसाहेबांनी काचपुसणीच्या मोटरीकडे अंगुलिनिर्देश करून 'ही मोटर आहे, एवढं तर मान्य कराल?' असा बिनतोड सवाल टाकला. वाहनासोबत मिळालेली मार्गदर्शक पुस्तिका मी उघडली. तीत सीट मागेपुढे कशी करावी याचे सचित्र विवेचन होते. सेल्फपुरता मात्र अधिकृत कार्यशाळेशी संपर्क साधण्याचा हुकूम होता. अखेर बहुमताने, पुढच्या जाळीमागे असलेल्या एका तबकडीवजा वस्तूस सेल्फ म्हणून मान्यता मिळाली आणि मेहुण्याने टोला घालण्यापूर्वी तिचे टर्मिनल पान्याने चाचपून पाहिले.

तो हॉर्न होता. पाना एकीकडे टर्मिनलला आणि दुसरीकडे मोटारीच्या अंगाला टेकल्यामुळे त्याला जी वाचा फुटली, ती मेहुण्याने घाबरून पाना अधिकच दाबून धरल्यामुळे बराच वेळ बंद पडेना. माझ्याशी ज्यांनी अबोला धरला होता ते समोरच्या माडीवरचे गृहस्थ त्या नादाने जागे होऊन गॅलरीत आले, त्यांनी खालचा देखावा पाहिला, आणि त्यांच्या मुद्रेवरचा क्रोध मावळून तेथे विद्वत्ता उगवली.

"फ्यूज गेलाय!" ते वरून म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

मुहूर्त जवळ येत चालला तेव्हा धक्का देण्याचा ठराव संमत झाला. ही क्रिया सुलभ आहे: किल्ली चालू ठेवावी, क्लच दाबून दुसरा गिअर टाकावा, गाडीने वेग घेतला की क्लच झटकन सोडावा, चाके इंजिनास फिरवतात आणि सेल्फची गरज उरत नाही. अडचण एवढीच की, धक्का देताना जे बाहेर असतात ते गाडी चालू झाल्यावरही बाहेरच असतात. मामलेदारसाहेब, दूधवाला, पैठणीचा पदर खोचलेली सौभाग्यवती आणि समई खाली ठेवावयास तयार नसलेली कन्या, अशा संमिश्र दलाने मला कोपऱ्यापर्यंत लोटले. इंजिन आचके देत जागे झाले. आणि ते पुन्हा निजेल या भयाने मला थांबता येईना. मी सबंध आळीला वळसे घालीत राहिलो. दर वळशाला घरासमोरून जाताना मी वेग किंचित कमी करी आणि एकेक कुटुंबीय आत उडी घेई. सासूबाईंसाठी एक वळसा केवळ वाटाघाटीत गेला.

कार्यालयापाशी पोहोचलो तरी इंजिन बंद करण्याची सोय नव्हती. म्हणून मेहुण्यास चालकाच्या आसनावर बसवून, अॅक्सिलरेटरवरचा पाय न काढण्याची शपथ घालून, आम्ही आत गेलो. मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या तरी दारातली ती घरघर अखंड चालू होती. चालू इंजिनाची मोटार आणि तीत गाल फुगवून बसलेला वधूचा मामा, हे दृश्य पाहून आमच्या साडूंनी जो स्वाभाविक तर्क केला, त्यासाठी मी त्यांना दोष देत नाही. ते घामाघूम होऊन माझ्याकडे धावत आले.

"मानपानात आमचं काही चुकलं का? असं न जेवता निघू नका!"

"निघालो नाही हो. सेल्फ लागत नाही."

"कोणाचं काय लागलं असेल ते मनात ठेवू नका," असे म्हणून त्यांनी मला शालजोडी घातली, मेहुण्यास मोटारीतच जिलबीचे ताट पाठविले आणि पुढे तासभर दर थोड्या वेळाने येऊन ते आमची क्षमा मागत राहिले. सेल्फने मला करून दिलेला आर्थिक लाभ म्हणावा असा तो एकच.

यानंतर आमच्या कुटुंबाच्या इतिहासात उतारपर्व सुरू झाले. गाडी उतारावर लावली की परत निघताना कोणाच्या पाया पडावे लागत नाही, या शोधामुळे माझ्या सामाजिक संबंधांची फेरमांडणी झाली. पर्वतीच्या पायथ्याशी राहणारे एक दूरचे आप्त, ज्यांच्याकडे आम्ही वर्षानुवर्षे फिरकलो नव्हतो, त्यांच्याकडे आम्ही वारंवार जाऊ लागलो; उलट, बालपणापासूनचा एक जिवलग स्नेही केवळ सपाट रस्त्यावर बिऱ्हाड केल्यामुळे मला दुरावला. आजारी माणसाच्या समाचारास जाण्यापूर्वी त्याच्या प्रकृतीइतकीच त्याच्या रस्त्याची चौकशी होऊ लागली.

दुरुस्तीपेक्षा वाचन स्वस्त पडते, म्हणून या काळात मी सेल्फची सारी बखर वाचून काढली. पूर्वी मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हँडल खुपसून ते गरगर फिरवावे लागे; इंजिन उलटे उसळले की हँडल उलट फिरून मनगटाचे हाड मोडी, आणि हा प्रकार इतका नित्याचा होता की त्या मोडलेल्या हाडास वैद्यकशास्त्रात आजही शोफरचेच नाव आहे. अमेरिकेत ओहायो संस्थानातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाच्या कल्पक गृहस्थाने या यातनेवर विजेचा उपाय काढला. १९११ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत त्याचे यंत्र बसलेही, आणि पेटंटच्या अर्जावर मंजुरीचा शिक्का पडला १९१५ साली, यावरून सरकारी खाती सर्वत्र सारखीच असतात हे ध्यानी येऊन मला बरे वाटले. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, केटरिंग यापूर्वी दुकानातले गल्ले बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस होता. गल्ला विजेवर चालविण्यासाठी त्याने एक छोटी मोटर तयार केली होती. अशी मोटर दिवसभर कष्टत नसल्यामुळे क्षणभर तिच्याकडून आवाक्याबाहेरचे काम करून घेता येते, हे तेथे त्याच्या लक्षात आले आणि तीच युक्ती त्याने मोटारीस लावली. सारांश, सेल्फचे मूळ गल्ल्यात आहे. तो बिघडला की मालकाचा पैसा ज्या सहजतेने दुकानदाराच्या गल्ल्यात जाऊन पडतो, तिचे कारण असे आनुवंशिक आहे.

सेल्फ दडवून ठेवण्याची कलाही पुढे उत्तरोत्तर प्रगत होत गेली. जपान्यांनी १९८९ साली आणलेल्या लेक्सस एलएस ४०० या आलिशान गाडीत तो इंजिनाच्या दोन रांगांमधल्या दरीत, वर हवा खेचणाऱ्या मॅनिफोल्डचे छत घालून पुरला. आणि ज्या कॅडिलॅकने तो जगाला दिला, तिनेही १९९३ च्या नॉर्थस्टार इंजिनात त्याची समाधी अशीच मॅनिफोल्डखाली बांधली. म्हणजे सेल्फ पाहावयाचा तर इंजिनाचे अर्धे डोके उतरवावे लागे. हे वाचल्यावर आमच्या आळीच्या अज्ञानाबद्दलचा माझा राग निवळला.

सेल्फचा कारभार मला तेव्हाच कळला, आणि तो थेट मामलेदार कचेरीसारखा आहे. किल्ली फिरविणारा हा निव्वळ अर्जदार. त्याचा अर्ज एका बारीक तारेवरून सोलेनॉइड नामक अव्वल कारकुनाकडे जातो. हा कारकून जागचा हलला की दोन कामे एकदम करतो: एका हाताने पिनियन नावाच्या दातेरी शिपायास पुढे लोटून फ्लायव्हीलच्या दात्यांत गुंतवितो, आणि दुसऱ्या हाताने बॅटरीच्या खजिन्याचे दार उघडतो. त्या दारातून शंभर-दोनशे अँपिअर इतका दांडगा प्रवाह लोटतो, नऊ-दहा दातांचा तो शिपाई शंभराहून अधिक दातांचे फ्लायव्हील फरफटत फिरवितो, इंजिन पेटते, आणि ते पेटताच शिपायाने तत्काळ मागे हटावे असा सक्त नियम आहे, कारण न हटल्यास ज्या इंजिनास त्याने जागे केले तेच त्याचा निकाल लावते. ही सर्व कार्यवाही एक-दोन सेकंदांत पार पडावयाची असते. म्हणून किल्ली एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक धरू नये, मध्ये मोटरीस थंड होऊ द्यावे, असा जाणत्यांचा इशारा आहे. आता 'टक्' म्हणजे काय? कारकुनाने अर्जावर शिक्का मारला, इतकेच. काम झाले, असा त्याचा अर्थ कोणत्याही कचेरीत होत नाही.

हे सर्व समजले तरी गाडी चालू होईना, तेव्हा मी एका चकचकीत कार्यशाळेत गेलो. तेथे गळ्यात टाय बांधलेल्या एका तरुणाने माझे अत्यंत अदबीने स्वागत केले.

"सर, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल."

"पण बिघडलंय काय?"

"ते सिस्टिम सांगेल, सर."

"मग काय म्हणते सिस्टिम?"

"सिस्टिम आज बंद आहे, सर. सकाळपासून चालूच होत नाहीये."

या उत्तराने आमच्यात क्षणभर जो बंधुभाव निर्माण झाला, तो त्याने पुढे केलेल्या अंदाजपत्रकाने नष्ट केला. त्यात सेल्फखेरीज चाकांची जुळवणी, रंगाची झिलई आणि गाडीत दरवळण्यासाठी चमेलीचा सुगंध, अशा बाबी होत्या. मी गाडी उतारावर लावली होती. फारसे न बोलता निघून आलो.

पुण्यात मोटारीच्या सुट्या भागांची पंढरी नाना पेठेत आहे. तेथे एका बोळाच्या तोंडाशी, लाकडी फळीवर उलगडलेल्या आर्मेचरांच्या राशीमागे, एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, आणि सारी पेठ त्यांना उस्ताद म्हणते. मी त्यांना 'टक्' काढून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"काय झालं असेल?" मी विचारले.

"माहीत नाही."

माझा कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे?"

"खोलून बघितल्याशिवाय कसं माहीत असणार, साहेब? तुम्हाला माहीत असेल तर सांगा, तेवढा वेळ वाचेल."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी माझे कान आसुसले होते ते एका मळकट बनियनमधून निघावे, याने मी गहिवरलो. उस्तादांनी दिवे लावून किल्ली फिरवावयास सांगितले. दिवे मंद होतात की नाहीत ते पाहिले. बॅटरीची टर्मिनले घासली. अर्थिंगची जाड तार ओढून पाहिली. दोन वायरींचा टेस्टिंगचा बल्ब ठिकठिकाणी टेकविला. मग म्हणाले, "वीज येतेय. मोटर बसलीय. उतरवू या."

तेव्हा सेल्फ प्रथमच माझ्या दृष्टीस पडला; म्हणजे उस्तादांच्या आयटीआयत शिकणाऱ्या नातवाने मला रस्त्यावर पालथे निजवून, मान डावीकडे, डोळा उजवीकडे आणि श्वास रोखलेला, अशा आसनात त्याचे एक टोक दाखविले. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याशी, एक्झॉस्टच्या नळीआड, वरून दिसू नये आणि खालून पोहोचू नये अशा बेताने तो बसविलेला होता. आळीतल्या कोणाचेही बोट त्याच्या हातभर जवळपासदेखील आले नव्हते. नातवाने आधी बॅटरीची अर्थची तार सोडविली, मग जाड वायरीचा नट काढला, आणि मग चौदाचा पाना घेऊन तो बोल्टांकडे वळला. खालचा बोल्ट निमूटपणे सुटला. वरच्या बोल्टाची जागा पाहिल्यावर माझी अशी खात्री झाली की, कारखान्यात सर्वप्रथम हा बोल्ट आवळतात आणि मग त्याच्या भोवती सावकाश मोटार बांधीत जातात.

काम चालू असता नाना पेठेतलीही माणसे जमलीच. या बाबतीत पेठापेठांत भेद नाही. एका हातात पिशवी घेतलेले गृहस्थ बराच वेळ पाहून म्हणाले, "कॉइल बघा. कॉइलच असणार."

उस्तादांनी त्यांच्याकडे आदराने पाहिले आणि पाना पुढे केला. "घ्या, बघा."

गृहस्थांना एकाएकी कोथिंबिरीची आठवण झाली.

बऱ्याच झटापटीनंतर सेल्फ बाहेर आला. उस्तादांनी त्या काळ्या, तेलकट ऐवजास पायाखाली घट्ट दाबले आणि बॅटरीच्या दोन वायरी त्याला लावल्या. उसळी मारून तो असा काही गरगरू लागला की पायाखालून निसटतो की काय असे वाटले.

"अहो, हा तर फिरतोय!" मी ओरडलो.

"बाहेर फिरतोच, साहेब. भार आला की बसतो."

या एका वाक्यात माझ्या किती परिचितांचे चरित्र सामावले आहे, याचा मी तेथेच उभा राहून हिशेब करू लागलो. सभेच्या व्यासपीठावर, वाचनालयाच्या कट्ट्यावर आणि पंगतीत पाने वाढून होईपर्यंत जे वाऱ्याच्या वेगाने फिरत असतात, आणि पंगत उठल्यावर पातेली उचलावयाची वेळ आली की 'टक्' असा आवाज करून जागीच राहतात, अशांची गणती पुरी होण्यापूर्वीच उस्तादांनी सेल्फचे झाकण उघडले. आत कारबनचे नुसते खुंट उरले होते, आर्मेचरचे तांबे जळून काळे पडले होते, आणि बुश झिजून दांडा डगमगत होता.

"आर्मेचर भरून देऊ, की दुसरा टाकू?"

मेहुण्याचा यावर निराळाच प्रस्ताव होता. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे हीच वस्तू निम्म्या किमतीत मिळेल, असे त्याचे म्हणणे पडले. मिळाली असती, यात संशय नाही. बुधवारी टाकून दिलेला माझाच सेल्फ काळा रंग लावून रविवारी मला परत मिळाला असता. मी उस्तादांच्या शेजारच्या दुकानातून जुन्याच्या बदल्यात दुसरा घेतला. तो खालच्या बोल्टावर लगेच बसला, वरच्या बोल्टाने पुन्हा आपला मान घेतला, आणि दिवेलागणीच्या सुमारास मी किल्ली फिरवताच इंजिन निमिषार्धात, कसलीही कुरकुर न करता, चालू झाले.

आळीत परतलो तेव्हा माझ्या यशाने कोणाला फारसा आनंद झाल्याचे दिसले नाही. बंद मोटार ही सामाईक मालमत्ता होती आणि ती पुन्हा खासगी झाली होती. मामलेदारसाहेब फाटकाशी उभे होते.

"झाली ना चालू? मी म्हणालो नव्हतो, पेट्रोलच असेल म्हणून?"

"साहेब, पेट्रोल नव्हतं. सेल्फ गेला होता. कारबन झिजले होते."

"तेच ते! पेट्रोल कमी असलं की सेल्फवर ताण येतो. कारबन झिजतील नाही तर काय होईल?"

समोरच्या माडीवरून लागलीच दुरुस्ती आली की मुळात फ्यूज गेल्यामुळेच कारबन झिजले. दूधवाला दुसऱ्या दिवशी माप ओतता ओतता म्हणाला की, प्लग वेळेवर साफ केले असते तर एवढा खर्च आलाच नसता. प्रत्येकाचे निदान खरे ठरले होते. खोटा ठरला तो सेल्फ.

म्हणून वाचकांस माझी विनंती आहे. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून, कपाळावरचा घाम पुशीत, कोणी गृहस्थ उभा दिसला, तर त्याला काय झाले म्हणून विचारू नका, आवाज काढून दाखवावयास लावू नका, आणि तुमच्या मामेभावाच्या गाडीचे असेच कसे झाले होते हे तर मुळीच सांगू नका. हातातली पिशवी खाली ठेवा, मागच्या बाजूस जा, वाका आणि ढकला. सल्ल्याने फ्लायव्हील फिरल्याचे एकही उदाहरण नाही. मात्र ढकलण्यापूर्वी गाडी ऑटोमॅटिक गिअरची नाही ना, एवढे विचारून घ्या. तसली गाडी कोसभर ढकलली तरी चालू होत नाही. हा सल्ला मला कोणी विचारलेला नाही, हे मी जाणून आहे.